तिन्हीच्या तिन्ही

मला शाळेत गोष्टी सांगायला बोलावतात, ते काही माझ्या शिक्षणामुळं नाही. चौथीत होतो तेव्हा बाप म्हणाला, बैल राखायला कोणी नाही, आणि तिथंच माझी शाळा संपली. पण ओल्या मातीवर उमटलेलं मी वाचतो. रोही, म्हणजे नीलगाय, कोणत्या धुऱ्यावरून, बांधावरून, वावरात शिरली, तरस टेकडीवरून उतरून कुठं पाणी प्यालं, कोणत्या बिळात घोरपड आहे आणि कोणत्या बिळात हात घालू नये, हे विचारायला गावातली शिकलेली माणसंही माझ्याकडं येतात. यावंच लागतं त्यांना.

शाळेच्या मॅडम आमच्याच गावात भाड्यानं राहतात. दोन वर्षांखाली त्या स्वतः चालत घरी आल्या. म्हणाल्या, "बाबा, शनिवारी मुलांना दप्तर नसतं. तुम्ही येऊन रानातल्या प्राण्यांच्या गोष्टी सांगा. ह्यांनी मोबाईलवर सिंह पाहिलेत, पण बाजूच्या वावरात काय राहतं ते ह्यांना माहीत नाही. माहीत झालं तर जपतील."

मी म्हणालो, "मी काही शिकेल मानूस नाही, मॅडम."

"म्हणूनच तुमच्याकडं आले."

हे मला लय आवडलं. पहिल्या शनिवारी मी नीळ घातलेलं धोतर नेसलो, धुतलेली टोपी घातली आणि घंटेच्या अर्धा तास आधी शाळेत जाऊन बसलो.

पहिल्यांदा मी खरीच गोष्ट सांगायला बसलो होतो. हे मी देवाच्या समोरही सांगीन. पत्र्याच्या ओसरीत पहिलीपासून पाचवीपर्यंतची सगळी पोट्टी मांडी घालून बसली होती. माझी नात तेव्हा चौथीत. ती सगळ्यात पुढं, आणि मान अशी ताठ, जणू हा म्हातारा तिनंच घरून आणला आहे.

मी सांगितलं, माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल नसेल. तेव्हा आमच्याकडं ज्वारीचा पेरा मोठा. कापणीची आमची एक रीत होती. चारी धुऱ्यांवर माणसं लागायची आणि कापत कापत मधात यायची. वावरातले ससे, तितर पुढं सरकत सरकत मधल्या तुकड्यात गोळा व्हायचे. तुकडा खाटेएवढा राहिला की जवान पोरं काठ्या घेऊन भोवती उभी राहायची, आणि त्या दिवशी घरोघरी सशाची सागुती शिजायची. त्या वर्षी शेवटच्या तुकड्यात ससा निघाला नाही. माझ्या दोन पायांमधून एक रानमांजर सुटलं. पिवळट अंग, उंच पाय, कानाच्या टोकाला काळे केस. ते नाल्याकडं गेलं आणि मागं ज्वारीच्या ताटांच्या, धांड्यांच्या बुडाशी तीन पिल्लं राहिली. डोळे नुकते उघडलेले. मी ती माझ्या दुपट्ट्यात बांधली, गावातून मिरवत घरी आणली, शेळी धरली, कापसाचा बोळा केला आणि एकेकाला मांडीवर घेऊन दूध पाजलं.

इथं मी थांबलो. पुढं काय झालं ते मला तोंडपाठ होतं, पण जीभ जरा अडखळली. तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी गुडघ्यावर उभी राहिली.

"मंग वाचले का ते, आबा?"

सगळी पोट्टी माझ्या तोंडाकडं पाहत होती. मॅडम खांबाला टेकून उभ्या होत्या. नात तर हसायच्या तयारीतच होती.

"हाव," मी म्हणालो. "तिन्हीच्या तिन्ही."

पोरांनी अशा टाळ्या पिटल्या की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

त्यानंतर ती गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. मी घोरपडीची सांगायला बसलो, तरसाची सांगायला बसलो, की पोट्टी ओरडायची, "ते पिल्लायची सांगा, आबा!" मी सांगायचो. दर वेळी थोडी वाढवायचो. पिल्लं मोठी झाली. मी त्यांना नाल्यात नेऊन सोडलं. त्यांची माय दर साल कापणीला धुऱ्यावर येऊन बसते, माझ्याकडं पाहते आणि निघून जाते. शेवटी मी म्हणायचो, "रानातल्या जिवाले आपलं म्हना, तो आपला होते." पोट्टी ते घोकायची. पाचवीच्या मुलांनी ओसरीच्या भिंतीवर रंगानं चित्र काढलं. टोपीवाला बुढा, मिशी माझ्याहून मोठी, आणि मांडीवर तीन पिल्लं. धामणगाव बढ्याच्या बाजाराला जाताना मी उगीच शाळेवरून जायचो.

घरी बुढीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कानावर हे गेलं तेव्हा ती भाकर थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तिन्ही वाचले म्हने?"

"मंग? लेकरायसमोर मेलेले पिल्लं सांगू? मुक्या जिवाची माया लागली पाह्यजे त्यायले."

"माया लागाव म्हनून, का टाया वाजाव म्हनून?"

"तुले नाही समजत त्यातलं."

"हाव ना. मले काय समजते? म्या तं फकस्त खड्डा खंदला व्हता."

मी ताट सरकवून उठलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मला वाटत होतं, की मोठ्या कामासाठी इतकं लहान खोटं चालतं. पोरं आता गोफणीनं पाखरं मारत नव्हती. सापाची कात सापडली तर जपून शाळेत आणायची. हे सगळं माझ्या गोष्टींनी झालं, असं मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या. मग बुढीचं काय ऐकायचं?

गेल्या फाल्गुनात आमच्या वावरात मका काढणीला आला. शेती आता मुलगा पाहतो, मी फक्त सांगतो. मजुरांना मीच सांगितलं, "चारी बाजूनं धरा. अन् सांज व्हायच्या आत एक धांडा उभा दिसला नाही पाह्यजे." मुलगा म्हणाला, "आबा, एका बाजूनं धरलं तं काय बिघडते?" मी म्हणालो, "माह्या बापानं असंच कापलं अन् मी बी असंच कापतो." तो विळे वाटायला गेला. माझ्याशी वाद घालून त्याला काही मिळत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

रविवार होता. मी ओट्यावर दोघा-चौघांसोबत बसलो होतो. घरची जेवणं झाली होती. नात आणि तिच्या दोन मैत्रिणी मजुरांना पाणी द्यायला वावरात गेल्या होत्या. त्या पळत आल्या. नातीनं फ्रॉकचा घोळ दोन्ही हातांनी धरला होता आणि चेहरा असा फुलला होता, की मला आधी वाटलं बोरं आणली.

"आबा! पाहा!"

तिनं घोळ माझ्या समोर उघडला. दोन पिल्लं. तेच पिवळट अंग, तेच नुकते उघडलेले डोळे.

"मधल्या तुकड्यात सापडले. त्यायची माय नाल्याकडं पयाली. दुपट्टा नव्हता ना आबा, म्हनून मी फ्राकात आनले. तुमच्यासारखेच."

तुमच्यासारखेच. ती हे फार आनंदानं म्हणाली.

बुढी दारात आली होती. तिनं पिल्लांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हळूच म्हणाली, "आता सांगा."

ती वेळ होती. वावर जवळ होतं, माय नाल्यात होती, मजूर जेवायला बसले होते. मी तेवढं सांगितलं असतं, की पोरी, जा, जिथून आणले तिथं ठेव, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ओट्यावर माणसं होती. त्यांतला एक म्हणाला, "आबाच्या हातात गुन हाये. पाजा आबा, आमालेबी पाहू द्या." आणि नात माझ्याकडं पाहत होती.

मी म्हणालो, "शेळी धरा."

मला माहीत होतं. हे मला पुन्हा सांगावं लागेल, कारण लोक आता म्हणतात, आबाला काय ठाऊक, माया करायला गेले आणि झालं. मला माहीत होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागं माझ्याच मांडीवर, असाच कापसाचा बोळा चोखत, पहिलं पिल्लू गेलं होतं. दूध पोटात न जाता छातीत उतरतं. शिंक येते, नाकातून फेस येतो, श्वास घरघरतो. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं आणि तरी मी बोळा केला, दुधात बुडवला आणि मोठ्या पिल्लाच्या तोंडाला लावला.  

त्याला शिंक आली.

मी त्याला पालथं धरलं, पाठ चोळली, त्याचं नाक पुसलं. ओट्यावरची माणसं एकेक करून कामाची आठवण होऊन निघून गेली. तासाभरानं ते पिल्लू माझ्या तळहातावर लांब झालं. केवढं हलकं होतं. कापसाच्या बोंडाएवढं वजन नसेल.

नात आधी रडली नाही. तिनं दुसरं पिल्लू उचललं, छातीशी धरलं आणि धान्याच्या खोलीत जाऊन कोपऱ्यात बसली. तिच्या मैत्रिणीनं धावत जाऊन मॅडमना आणलं. मॅडमनी जंगलखात्याच्या गार्डाला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. गार्ड म्हणाला, "काही पाजू नका. जिथं सापडलं तिथंच ठेवा आणि लांब व्हा. माय आसपासच असते, अंधार पडला की येते. उशीर करू नका."

मॅडम खोलीत गेल्या. "दे बाळा. त्याला त्याच्या आईकडं नेऊ."

"नाही देत. तिथं कुत्रे खातीन त्याले."

"आई येईल त्याची."

"नाही येत. आबा वाचवतीन त्याले. आबाले येते." मग ती माझ्याकडं वळली. "एक चुकून मेलं ना, आबा? तुमचे तं तिन्ही वाचले व्हते. हे एक काऊन नाही वाचनार?"

खोलीत मॅडम होत्या, मुलगा वावरातून आला होता तो होता, सून होती, दारात बुढी होती.  सगळ्यांना उत्तर माझ्याकडून पाहिजे होतं आणि त्यांतल्या फक्त एकीला ते ठाऊक होतं.

मला खाली बसायला वेळ लागतो, गुडघे वाकत नाहीत. पण मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"एकबी नाही वाचलं, बाई."

"म्हंजे?"

"तीन व्हते. एक दुसऱ्या दिवशी गेलं. दोन मंग गेले. गुरायच्या कोठ्यामांगं पुरले."

"अन् मोठे झाले? नाल्यात सोडले? त्यायची माय धुऱ्यावर येऊन बसते?"

"ते मी जोडलं."

तिनं आजीकडं पाहिलं. बुढीनं मान डोलावली, इतकंच. नातीनं पिल्लू पुढं केलं. माझ्या हातात नाही दिलं. मॅडमच्या हातात दिलं.

मी टोपल्यात मक्याचा पाला घातला, त्यात ते पिल्लू घेतलं आणि वावरात गेलो. मुलगा म्हणाला, मी नेतो. मी म्हणालो, मलाच नेऊ दे. मधला तुकडा तेव्हा एका खोलीएवढा उभा होता आणि चहापाणी आटोपून बाया विळे घेऊन पुन्हा लागायच्या बेतात होत्या.

"थांबा व," मी म्हणालो. "हा तुकडा राहू द्या."

त्यांच्यात एक तोंडाळ आहे, माझ्या वयाची. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आवो, सकाळी तं म्हनत व्हते का एक धांडा उभा दिसला नाही पाह्यजे! आता काय पूजा मांडता का त्याची?"

बाया हसल्या. दुसरा दिवस असता तर मी तिला तिथल्या तिथं सुनावलं असतं. मी टोपलं उघडून दाखवलं. ती वाकून पाहत राहिली. मग तिनंच बाकीच्यांना हाकारलं, "चला व माय, घराकडं," आणि जाताना नाल्याच्या बाजूला पडलेले धांडे ओढून वाट मोकळी केली. इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं, की जनावराला बाहेर पडायला एक बाजू लागते.

टोपलं आडवं करून मी ते तुकड्यात ठेवलं आणि दूर, शेजाऱ्याच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली जाऊन बसलो. पिल्लू ओरडत होतं. अंधार पडायला लागला तसा आवाज बारीक झाला. मला नाल्याकडून काही दिसलं नाही. माझी नजर आता तेवढी पोचत नाही, आणि जवळ जायचं नव्हतं. मुलगा बोलवायला आला तेव्हा मी उठलो.

सकाळी उजाडताच गेलो. टोपलं रिकामं होतं. आदल्या दिवशी शेजाऱ्यानं पाणी सोडलं होतं, त्याची ओल सरीत उतरली होती आणि तिच्यात पावलं होती. लहान, गोल, नखं न उमटलेली. कुत्र्याची नखं उमटतात, मांजर नखं आत ओढून चालते. नाल्याकडून आलेली आणि नाल्याकडं गेलेली. मी ती तीनदा पाहिली, कारण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. मग गार्डाला आणून दाखवली. तो हो म्हणाला, तेव्हा मी तिथंच बसलो.

घरी येऊन नातीला सांगितलं. तिनं ऐकलं. म्हणाली, "खरं सांगून राह्यले का?"

हा प्रश्न तिनं मला आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

शनिवारी मी शाळेत गेलो, पण आधी चुन्याचा डबा आणि कुंचा घेऊन गेलो. भिंतीवरचं चित्र पुसायचं होतं. मॅडमनी हात आडवा घातला. "पुसू नका, बाबा. त्याच्यासमोर बसून सांगा."

मी त्या मिशीवाल्या बुढ्याच्या खाली बसलो आणि सांगितलं. तिन्ही पिल्लं मेली. मी खोटं बोललो. माझं खोटं ऐकून तुमच्या मैत्रिणींनी दोन पिल्लं उचलली आणि त्यातलं एक मी मारलं. पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही. लांब व्हायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. एक पोट्टा म्हणाला, "मंग तरसाची बी खोटीच व्हती का?" मी म्हणालो, ती खरी. तो म्हणाला, "कायवरून?" 

मला वाटलं, झालं. सगळं सांगून झालं. पण एक गोष्ट मी मागं ठेवली होती आणि ती बुढीशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. आणि नात, आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलणारी, मागच्या रांगेतून उभी राहिली. पुढं बसायचं तिनं सोडलं होतं.

"तुमच्या पिल्लायची माय नाही आली का, आबा?"

नाही म्हणता आलं असतं. कोणाला कळणार होतं?

"आली व्हती," मी म्हणालो. "तीन दिवस. सांज झाली का कोठ्यामांगं येऊन ओरडे. तुही आजी म्हने, टोपलं बाहेर ठेवा, नेईल ती. मी म्हनलं, मी आनले, मीच वाचवीन. मी पत्र्याचा डबा घेऊन गेलो अन् वाजवला. ती पयून जाये. मंग पुन्हा ये. मी पुन्हा वाजवो. तिसऱ्या दिवशी शेवटचं पिल्लू गेलं. तरीबी ती त्या सांजी आली व्हती. तवाबी मी डबा वाजवला."

"काऊन?"

"मले वाटे, ते माहे हायेत."

टाळ्या नव्हत्या. पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. मॅडमनी काही शिकवण सांगितली नाही, मुलांना रांगेत उभं केलं आणि घंटा दिली.

त्या दिवसापासून मी शनिवारी काही जोडत नाही. गोष्टी लहान झाल्या आहेत. कधी कधी मधेच संपतात, कारण पुढचं मला माहीत नसतं. यंदा ज्वारी मुलानं एका बाजूनं कापली, नाल्याकडची बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवून. मी धुऱ्यावर बसून पाहिलं.

त्या शनिवारी, डब्याचं सांगून झाल्यावर, शाळा सुटली तेव्हा नात माझ्या आधीच निघाली. एरवी ती माझं बोट धरून, लोकांना दाखवत घरी यायची. त्या दिवशी ती पुढं, झपाझप. मी मागं चुन्याचा डबा घेऊन. मारुतीच्या देवळापाशी गल्ली वळते, तिथून ती दिसेनाशी होईल असं वाटलं. पण वळणावर ती थांबली. मागं वळून पाहिलं नाही. तशीच पाठमोरी उभी राहिली, मी पोचेपर्यंत. मी पोचलो, तेव्हा तिनं माझ्या हातातला डबा घेतला आणि पुन्हा पुढं चालू लागली.